टाकीतले पाणी

मुलांनो, पंक्चरच्या दुकानात हवा भरण्याचे यंत्र तुम्ही पाहिले असेल. त्याला कॉम्प्रेसर म्हणतात. त्यातील दट्ट्या खालीवर होतो व हवा दाबून टाकीत भरतो. वीज नसेल तेथे हा दट्ट्या इंजिनावर चालवतात. जर्मनीतील कोलोन शहरात निकोलाउस ऑटो यांनी १८७६ साली चार टप्प्यांत चालणारे इंजिन बनवले. त्यातही हवा आणि गॅस आधी दाबले जात.

दाबलेली हवा टाकीत थंड झाली, की तिच्यातील बाष्पाचे पाणी होते. ते साचून राहिले तर टाकी आतून गंजते. गंजलेली टाकी एखाद्या दिवशी फुटूही शकते! म्हणून रोज काम संपल्यावर दाब कमी करून टाकीखालची तोटी उघडतात व पाणी काढतात. दाब फार वाढला तर सुरक्षा-झडप आपोआप उघडते. ती कधीही बांधून ठेवू नये.

तुम्ही यंत्राला हात लावू नका. पण "काका, आज टाकीतले पाणी काढले का?" असे जरूर विचारा.