आधी दार, मग वूफर

नवी स्कॉर्पिओ किंवा बोलेरो दारात आली, पूजा झाली, तुळजापूरला दर्शन झालं की पुढचा विषय निघतो तो साऊंडचा. दुकानात पहिला प्रश्न असतो, ‘किती वॉट?’ मला वाटतं, आधी दुकानदाराला संबळ लावायला सांगावं. संबळाच्या जोडीत एक खर्जाचं, एक टिपेचं. खर्जाची थाप घुमूनही सुटी ऐकू आली आणि मागे तुणतुण्याची तार हरवली नाही, तर ती सिस्टीम चांगली.

बेस जास्त हवासा वाटतो, तो उगाच नाही. टायर आणि डिझेल इंजिन यांची घरघर खालच्या सुरांचीच, म्हणून धावत्या गाडीत आधी खर्ज बुडतो. पण त्यावरचा पहिला उपाय वूफर नव्हे, दार आहे. स्पीकरच्या पडद्यामागून निघणारी लहर पुढच्या लहरीच्या बरोबर उलटी असते. दाराच्या आतल्या पत्र्यातली मोठी भोकं नुसत्या प्लास्टिकच्या कागदानं झाकलेली असली, की दोन्ही लहरी भेटतात आणि एकमेकींना मारतात. ती भोकं बंद करून पत्र्याला डॅम्पिंग शीट चिकटवली, तर कंपनीचेच स्पीकर भरीव वाजू लागतात. खडखड थांबते, रस्त्याचा आवाजही कमी होतो. मात्र दाराच्या तळाची पाणी निघायची भोकं बुजवू देऊ नका. पावसाचं पाणी आत साचून पत्रा गंजतो.

मग येतो करंट. ॲम्प्लिफायरच्या खोक्यावरचा मोठा आकडा ‘पीक’, म्हणजे क्षणभराचा असतो. विचारायचा तो ‘आरएमएस’, म्हणजे सतत मिळणारा. ५०० वॉट आरएमएसचा ॲम्प्लिफायर चांगल्या प्रतीचा असला तरी पूर्ण जोरात सुमारे ४५ अँपिअर ओढतो. दोन्ही हॅलोजन हेडलाइट मिळून नऊ-दहा अँपिअर घेतात, यावरून अंदाज यावा. म्हणून ॲम्प्लिफायरची जाड वायर थेट बॅटरीपासून हवी आणि बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज हवाच. तो नसेल आणि वायर कुठे घासून पत्र्याला टेकली, तर गाडी पेटू शकते. स्वस्त वायर आतून ॲल्युमिनियमची, वरून तांब्याचा मुलामा दिलेली असते. तार खरवडून पाहावी. आत पांढरी दिसली तर ती नको, निदान एवढ्या करंटला. अर्थची वायर रंग घासून काढलेल्या उघड्या पत्र्यावर आवळावी. ती ढिली राहिली की इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी स्पीकरमधून येत राहते. इकडच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा सीटखाली कोंबलेला ॲम्प्लिफायर तापून बंद पडतो. त्याच्याभोवती हवा खेळायला जागा ठेवावी. कंपनीची वायर कापण्याऐवजी कपलर वापरायला सांगावं, वॉरंटीचा वाद टळतो.

एसयूव्हीला सेडानसारखी वेगळी डिकी नसते. वूफर आणि माणसं एकाच हवेत बसतात. ४० हर्ट्झची लहर साधारण साडेआठ मीटर लांब, म्हणजे गाडीहूनही मोठी. अशा बंद जागेत खर्जाला आपोआप जोर चढतो. त्यामुळे बंद खोक्यातला दहा इंची वूफर बहुतेकांना पुरतो.

आणि तो खोका तिसऱ्या ओळीच्या पाठीशी येतो, जिथे बहुधा मुलंच बसतात. ८५ डेसिबल आवाजात आठ तास ही मोठ्या माणसाच्या कानांसाठी मानलेली मर्यादा; पुढे दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं उरतात. म्हणून बेसचं वेगळं बटण चालकाच्या हाताशी बसवून घ्यावं, आणि आवाज ठरवताना एकदा इंजिन चालू ठेवून स्वतः मागच्या सीटवर बसून ऐकावं.