नदीच्या पातळीवरचे उद्यान

पॅरिसच्या मध्यभागी, सेन नदीच्या पात्रात, 'इल द ला सिते' नावाचे जे प्राचीन बेट आहे आणि ज्याच्या पूर्वभागी नोत्र-दामचे जगद्विख्यात प्रार्थनामंदिर उभे आहे, त्याच बेटाच्या पश्चिमेकडील निमुळत्या टोकावर पाऊण एकराच्या आतच मावणारे एक सार्वजनिक उद्यान आहे. फ्रान्सच्या चौथ्या हेन्री राजाला लोकांनी दिलेले 'वेर-गालां' हे रसिकतासूचक नाव त्यालाही लाभले आहे. राजप्रासादांच्या आणि विस्तीर्ण उपवनांच्या त्या नगरीत या चिमुकल्या भूमीला महत्त्व आले, ते तिच्या पातळीमुळे.

उद्यानाची वाट पों नफ या पुलावरून जाते. तिसऱ्या हेन्रीने १५७८ साली त्याची पायाभरणी केली. परंतु धर्मकलहाच्या यादवीत काम रेंगाळले आणि ते चौथ्या हेन्रीच्या अमदानीत, १६०७ साली, तडीस गेले. पुलावर दुतर्फा घरे आणि दुकाने बांधण्याचा तत्कालीन शिरस्ता येथे मोडण्यात आला आणि त्यामुळे पूल ओलांडणाऱ्या सामान्य पादचाऱ्याला नदीचे दर्शन प्रथमच निर्वेध घडू लागले. पुलाच्या मध्यावर चौथ्या हेन्रीचा अश्वारूढ पुतळा आहे. १६१४ साली बसवलेला मूळ पुतळा राज्यक्रांतीच्या धुमाळीत, १७९२ साली, वितळवण्यात आला. सध्याचा पुतळा लमो या शिल्पकाराने घडवलेला असून तो १८१८ सालचा आहे. त्याच्या पाठीमागून एक जिना खाली उतरतो.

या जिन्यापाशी भिंतीवर एक स्मृतिफलक आहे. टेम्पलर या धर्मयोद्ध्यांच्या संघाचा अखेरचा प्रमुख जाक द मोले याला १३१४ च्या मार्चमध्ये, चौथ्या फिलिपच्या अंमलात, याच परिसरात जिवंत जाळण्यात आले. त्या काळी येथे मुख्य बेटापासून अलग अशी लहान, सखल बेटे होती. पुलाच्या उभारणीच्या काळात ती मोठ्या बेटाला जोडली गेली.

जिना संपला, की आपण भोवतालच्या शहरापेक्षा सुमारे ७ मीटर खाली आलेले असतो. शतकानुशतके भरावावर भराव पडून बेटाची जमीन उंचावत गेली. ही जागा मात्र, नदीकाठची मूळ भूमी जेथे होती, साधारण तेथेच राहिली. १८८४ साली तेथे उद्यान झाले, तेव्हाही तिला उचलून वर घेण्यात आले नाही. आत पाहावे तर हिरवळ, वळणाची पायवाट, चेस्टनटची झाडे, बसण्यासाठी बाके आणि अगदी टोकाशी पाण्याकडे झुकलेला विलो, एवढाच काय तो सरंजाम. उजव्या हाताला लूव्ह्रचा राजवाडा आणि डाव्या हाताला जुनी टांकसाळ दिसते. परंतु रस्त्यावरून समोर दिसणाऱ्या या इमारती येथून मान वर करून पाहाव्या लागतात आणि नदीचे पाणी हाताच्या अंतरावर येते.

या सान्निध्याचे मूल्य पुराच्या दिवसांत चुकते करावे लागते. जानेवारी १९१० च्या महापुरात ऑस्टरलिट्झ पुलाजवळील मोजपट्टीवर पाणी ८.६२ मीटरपर्यंत चढले होते. जून २०१६ मध्येही त्याने ६ मीटरची मर्यादा ओलांडली. नाशिककर गोदावरीचा पूर जसा दुतोंड्या मारुतीच्या अंगावर मोजतात, तसेच पॅरिसकर आल्मा पुलाच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या झुआव्ह सैनिकाच्या पाषाणमूर्तीकडे पाहतात. १९१० साली पाणी तिच्या खांद्यापर्यंत पोहोचले होते. वेर-गालांचे उद्यान मात्र अशा महापुराची वाट पाहत नाही; पाणी चढू लागले, की प्रथम बुडणाऱ्या जागांत त्याची गणना होते. पूर ओसरल्यावर गाळ उपसावा, पायवाटा धुवाव्या, झाडांची विचारपूस करावी आणि फाटक पुन्हा लोकांसाठी उघडावे, हा तेथील व्यवस्थेचा क्रमच होय.

मला या उद्यानाचे थोरपण येथे जाणवते. नदीकाठची सखल जमीन दिसली, की तीवर भराव टाकून आणि भिंत घालून ती कायमची आपल्या मालकीची करावी, हा नगरांचा सार्वत्रिक मोह आहे. आपल्याकडील नदीकाठची शहरेही त्याला अपवाद नाहीत. परंतु जी भूमी पुराच्या वाटेवर आहे ती निरुपयोगी ठरत नाही, आणि तिला नदीपासून हिरावून घेण्याचेही कारण नाही. वर्षातील बहुतेक दिवस ती लेकरांना, वृद्धांना आणि थकल्याभागल्या पांथस्थांना विनामूल्य द्यावी आणि उरलेले थोडे दिवस विनातक्रार नदीच्या स्वाधीन करावी, इतकी साधी ही तजवीज आहे. तिला अफाट खजिना लागत नाही. नदीचा हक्क मान्य करण्याची आणि गाळ उपसत राहण्याची तयारी मात्र लागते.