दीड दिवसाचं बेळगाव

कंग्राळी बुद्रुक काय किंवा खुर्द काय, इथल्या घरांना पाहुण्यांची सवय आहे. पुण्या-मुंबईला नोकरीसाठी गेलेली भावंडं, कोल्हापूर-गडहिंग्लजकडचे सोयरे, यात्रेला नाहीतर लग्नाला आलेली मंडळी. कार्य उरकलं की दुसऱ्या दिवशी सकाळी विचारणा होतेच, ‘बेळगावात बघायला काय आहे?’ आणि हमखास कुणीतरी गाडी काढून गोकाकच्या धबधब्याला नाहीतर आंबोलीला जायचा बेत सांगतं. म्हणजे शहर मागे टाकून बाहेर पळायचं. मला हे पटत नाही. हाताशी दीडच दिवस असेल तर तो बेळगावलाच द्यावा. या शहराचा इतिहास एका इमारतीत मांडून ठेवलेला नाही. किल्ला, कॅम्प, गल्ल्या आणि टिळकवाडी असा तो विखुरलेला आहे. पण ही सगळी ठिकाणं एकमेकांपासून रिक्षाच्या अंतरावर आहेत. क्रम नीट लावला तर धावपळ न करता बघून होतात.

सुरुवात किल्ल्यापासूनच करावी, तीही सकाळी. कंग्राळीहून एपीएमसीच्या रस्त्यानं शहरात शिरलं की राणी चन्नम्मा चौक, पुढं मध्यवर्ती बसस्थानक आणि लगेच किल्ल्याचा खंदक. अख्खी सकाळ इथं घालवली तरी ती जास्त नाही. दारातल्या गणपती-दुर्गेच्या मंदिरांना नमस्कार करून आत गेलात की थेट कमल बस्ती गाठा. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा अधिकारी बीचिराज यानं १२०४ साली हे जैन मंदिर उभं केलं. गाभाऱ्यात नेमिनाथांची मूर्ती आहे. चरकावर धरल्यासारखे गुळगुळीत, गोलाईचे खांब ओलांडून मंडपाच्या मधोमध उभं राहायचं आणि मान वर करायची. छतातून दगडी कमळ खाली उतरलेलं दिसतं. पाकळ्यांचे थर एकात एक, आणि भूत, वर्तमान व भविष्य अशा तिन्ही काळांचे चोवीस-चोवीस तीर्थंकर मिळून बहात्तर पाकळ्या. बाहेरच्या उन्हातून आल्यावर पहिली काही मिनिटं काहीच नीट दिसत नाही. डोळे सरावले की एकेक पाकळी सुटी होऊ लागते. बहुतेक लोक तेवढ्यातच मोबाइलवर फोटो काढून बाहेर पडतात. कृपा करून तसं करू नका, खांबाशी थोडं बसा. बाहेर पडल्यावर शेजारची चिक्की बस्तीही बघा. ती पडकी असली तरी तिच्यावरचं कोरीव काम अजून बोलतं.

याच बेळगावचे कार्तवीर्याच्या काळातले, शके ११२७ चे दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. बीचिराजानं बांधलेल्या रट्ट-जिनालयाला दिलेल्या दानांची नोंद त्यांत आहे. तेव्हा बेळगावला वेणुग्राम म्हणत; त्या गावाची माहिती देणारे हे दगड इथून हजारो मैलांवर आहेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. निदान त्यांचे ठसे आणि त्यांचं मराठी-कन्नड वाचन प्रत्येक शाळकरी मुलाच्या नजरेखालून जायला हवं.

किल्ल्यातच साफा मशीद आहे. विजापूरच्या आदिलशाहीतला सरदार असद खान लारी यानं ती १५१९ मध्ये बांधली. तिच्यातले काही खांब आधीच्या मंदिरांचे आहेत, आणि ते नीट निरखून बघण्याजोगे आहेत. रट्टांनंतर किल्ला यादव, विजयनगर, बहमनी, आदिलशाही, मराठे अशा हातांतून फिरत राहिला. १८१८ मध्ये इंग्रज सेनानी मन्रोच्या फौजेनं वेढा घालून तो घेतला.

किल्ल्यातला तिसरा थांबा रामकृष्ण आश्रम. ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद कोल्हापूरहून बेळगावला आले, तेव्हा ते शिकागोचे जगप्रसिद्ध वक्ते नव्हते, देशभर फिरणारे एक तरुण संन्यासी होते. आधी ते सदाशिवराव भाटे वकिलांकडे उतरले आणि मग किल्ल्यात, वनखात्यातले अधिकारी हरिपद मित्र यांच्याकडे. हरिपदबाबूंचं ते घर आता स्मारक म्हणून जपलं आहे. भाट्यांचं घर गावात, रिसालदार गल्लीत आहे. तेही स्मारक झालं आहे. दोन्ही घरं एकाच दिवशी बघावीत. त्याच मुक्कामात कॅम्पातल्या महादेव अँड सन या छायाचित्रकारांकडे स्वामीजींचा फोटो काढला गेला. तो आज जगभर छापला जातो, पण तो बेळगावचा आहे हे बेळगावातही फार जणांना माहीत नसतं.

दुपारी कॅम्पात. सेंट मेरीज चर्च १८६९ चं, झाडीतलं, दगडी. बाहेरून बघितलं तरी चालेल. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे आणि रेजिमेंटचा इतिहास १७६८ पर्यंत मागे जातो. दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव हे याच रेजिमेंटचे. रेजिमेंटचं संग्रहालय लष्करी हद्दीत येतं, तेव्हा आधी चौकशी करूनच जावं. मिळालं तर सोडू नये. कॅम्पातून निघताना कुंदा घ्यायचा असतो, हे पाहुण्यांना सांगावं लागत नाही.

गावात शिरताना किर्लोस्कर रोडवरून जा. किर्लोस्कर बंधूंनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं. कडबा कापण्याचं यंत्र आणि लोखंडी नांगर इथंच तयार झाले. लोखंडानं जमीन विषारी होईल या भीतीनं सुरुवातीला शेतकरी त्या नांगराला हात लावीनात. पुढं नगरपालिकेला जागा हवी झाली, तेव्हा कारखाना हलला आणि १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. बेळगावनं काय गमावलं, याचा विचार या रस्त्यावरून जाताना मला नेहमी अस्वस्थ करतो. १८४८ पासून चालू असलेलं सार्वजनिक वाचनालयही गावातच आहे. वाचणारा पाहुणा असेल तर त्याला तिथं जरूर न्या.

उन्हं उतरली की टिळकवाडी. राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात पु. ल. शिकवायला होते, इंदिरा संतांचं आयुष्य याच शहरात गेलं. पण इथं यायचं ते काँग्रेस अधिवेशनाच्या स्मारकासाठी, वीर सौधासाठी. २६ आणि २७ डिसेंबर १९२४ या दिवशी काँग्रेसचं एकोणचाळिसावं अधिवेशन इथं भरलं. गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेलं हे एकमेव अधिवेशन. व्यवस्थेचा सगळा भार गंगाधरराव देशपांडे यांच्या खांद्यावर होता. अधिवेशनाच्या नगराला नाव दिलं विजयनगर. प्रतिनिधींचं शुल्क गांधीजींच्या सांगण्यावरून दहा रुपयांवरून एक रुपयावर आणलं गेलं. अकरा वर्षांची गंगूबाई हनगल स्वागतगीत गायली. आठ वर्षं आधी, एप्रिल १९१६ मध्ये, टिळकांनी होमरूल लीग स्थापन केली तीही बेळगावातच. हा वारसा आपण फार स्वस्तात घेतो.

वीर सौधातली छायाचित्रं बघून झाली की काँग्रेस विहिरीच्या काठाशी उभे राहा. हजारोंच्या मुक्कामाला पाणी हवं म्हणून ती खणली. तिला पंपा सरोवर म्हणत, आणि खर्च आला ४,३७० रुपये ३ आणे. आण्यापर्यंतचा हा हिशेब मला अधिवेशनातल्या भाषणांइतकाच मोलाचा वाटतो. सार्वजनिक पैसा कसा वापरायचा, ते त्यात दिसतं.

पहिला दिवस कपिलेश्वराच्या दर्शनानं संपवावा. दक्षिण काशी म्हणतात त्याला, आणि गणपती विसर्जनाच्या रात्री तिथल्या तलावावर सगळं गाव लोटतं.

उरलेल्या अर्ध्या दिवसात येळ्ळूरचा राजहंसगड. पहाटे निघालात तर ऊन चढायच्या आत गडावरून खाली येता येतं. वर सिद्धेश्वराचं मंदिर आहे आणि २०२३ मध्ये उभारलेला शिवरायांचा भव्य पुतळा. तटावरून खाली येळ्ळूरची शिवारं दिसतात; बेळगावी बासमती पिकवणारा पट्टा तो हाच. पावसाळ्यात रोपलागणीच्या दिवसांत ही शिवारं बघाल तर पाय निघणार नाही.

कित्तूर मात्र या दीड दिवसात कोंबू नका. धारवाडच्या वाटेवर सुमारे पन्नास किलोमीटरवर राणी चन्नम्माच्या वाड्याचे अवशेष आणि संग्रहालय आहे. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी कलेक्टर थॅकरे ज्या लढाईत पडला, ती तिथं समजून घ्यायची तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत वेळ हवा. दरवर्षी त्याच सुमारास कित्तूर उत्सव असतो. पाहुण्यांना तेव्हाचं निमंत्रण आताच देऊन ठेवा.