जुन्या गाडीचे सेंट्रल लॉक : मोटर बदलण्याआधी बिजागरी पाहा

१९८३ साली मारुती ८०० रस्त्यावर आली तेव्हा प्रत्येक दरवाजाची खुंटी हाताने दाबावी लागे. पुढे सेंट्रल लॉकची सवय झाली आणि ज्या गाड्यांना ते नव्हते त्यांनाही लोकांनी बाजारातून संच आणून बसविले. पिंपळनेर, साक्री भागात आज दुसऱ्या-तिसऱ्या हातच्या अशा गाड्या पुष्कळ आहेत. त्यांची एक नेहमीची तक्रार म्हणजे किल्ली फिरवली की तीन दरवाजे लागतात, चौथा उघडाच राहतो. गॅरेजमध्ये उत्तर ठरलेले असते : "मोटर गेली, नवी टाकावी लागेल." नवी मोटर बसते, महिन्याभरात तोच दरवाजा पुन्हा रुसतो आणि गिऱ्हाईक साक्रीच्या किंवा धुळ्याच्या गॅरेजची वाट धरते.

आमच्या मते दोष शोधण्याची सुरुवात एका प्रश्नाने व्हावी : बंद सगळे दरवाजे आहेत की एकच? सगळेच बंद असतील तर बॅटरीची टोके, फ्यूज आणि कंट्रोल युनिट पाहावे. चालकाचा दरवाजा चालतो पण बाकीचे त्याच्यामागे जात नाहीत, असे असेल तर संशय चालकाच्याच दरवाजावर घ्यावा. बाजारातील संचात त्या मोटरला पाच वायरी असतात. बहुतेक ठिकाणी निळी व हिरवी मोटरची, उरलेल्या तीन आतल्या स्विचच्या. तो स्विच खराब झाला की इतर दरवाजांना हुकूमच पोहोचत नाही. बाकी मोटरींना दोनच वायरी असतात. वीज एका बाजूने आली की कुलूप लागते, उलटी आली की उघडते.

एकच दरवाजा बंद असेल तर आधी कान द्यावा. आतून घरघर ऐकू येते पण खुंटी हलत नाही, म्हणजे मोटर जिवंत आहे. सळई निसटली असेल किंवा आतील प्लॅस्टिकचे दाते झिजले असतील. सळई सोडवून कुलूप हाताने हलवून पाहावे. तेच जड झाले असेल तर नवी मोटर बिचारी काय करणार? शेलबारी घाटाच्या रस्त्यावरचा धुरळा जुन्या ग्रीसमध्ये मिसळला की त्याचा चिखल होतो.

आवाजच नसेल तर बिजागरीजवळची रबरी नळी मागे सारून पाहावी. दरवाजा हजारो वेळा उघडतो, मिटतो आणि तेवढ्याच वेळा आतल्या वायरी वाकतात. वरचे आवरण शाबूत दिसते, आत तांब्याचे धागे तुटलेले असतात. येथे मीटर फसवतो. एक धागा उरला तरी तो बारा व्होल्ट दाखवतो. पण मोटर ओढण्याइतका करंट त्या धाग्यातून जात नाही. म्हणून इंडिकेटरचा २१ वॅटचा साधा बल्ब मोटरच्या दोन वायरींमध्ये लावावा आणि कुलूप चालवावे. वीज क्षणभरच येते, त्यामुळे नजर बल्बवर हवी. लख्ख पेटला तर वायर ठीक. मिणमिणला किंवा पेटलाच नाही तर दोष मोटरीच्या अलीकडे आहे.

आणखी एक खात्री करावी. मोटर सोडवून, मध्ये फ्यूज घालून, बॅटरीच्या दोन वायरी क्षणभर लावाव्यात, मग उलट्या लावाव्यात. दोन्हीकडे जोरात सरकली तर ती चांगली आहे. वायरी धरून ठेवू नयेत, गुंडाळी जळते. ही परीक्षा मिस्त्रीने गिऱ्हाईकासमोर करावी आणि शोधण्याच्या मेहनतीचे पैसे उघडपणे मागावेत. ती कमाई हलाल आहे. चांगला भाग नादुरुस्त सांगून नवा विकणे मात्र मापात मारण्यासारखेच, आणि सूरह मुतफ्फिफीन मापात मारणाऱ्यांनाच ताकीद देते. लहान गावात अशी गोष्ट आठवडे बाजारापर्यंतही लपून राहत नाही.

तुटलेली वायर नुसती पिळून पट्टी गुंडाळू नये. बारीक धाग्यांची मऊ वायर घेऊन तुकडा इतका लांब घालावा की दोन्ही सांधे वाकणाऱ्या जागेबाहेर, एक दरवाजात व एक बॉडीत यावेत. मग डाग द्यावा. पॅड लावण्यापूर्वी आतला प्लॅस्टिकचा कागद पुन्हा नीट चिकटवावा. घाईत तो फाडून टाकला जातो आणि काचेवरून दरवाजात उतरणारे पावसाचे पाणी पॅड भिजवून गाडीत येते.