रेंज आली, म्हणजे इंटरनेट आले?

15 ऑगस्ट 2021 पासून महाराष्ट्रात पिकाची नोंद तलाठ्याच्या वहीऐवजी शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवरून करायची पद्धत राज्यभर सुरू झाली. या ई-पीक पाहणीसाठी शेतात उभे राहायचे, पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद पाठवायची. शिवारात रेंज नसेल तर नोंद फोनमध्ये जपून ठेवायची आणि गावाजवळ, टेकडीवर, जिथे रेंज मिळेल तिथे जाऊन ती चढवायची. रेशन दुकानातले ई-पॉस यंत्र, शिष्यवृत्तीचा अर्ज, पीएम-किसानची ई-केवायसी, सगळ्यांची वाट याच रेंजमधून जाते. सरकारने आपल्या सेवा इंटरनेटवर नेल्या आहेत, तेव्हा इंटरनेट प्रत्येकाच्या आवाक्यात आणणे ही सरकारचीच जबाबदारी ठरते. या विषयावर बोलताना मात्र काही समजुती वारंवार आडव्या येतात.

“गावात केबल आली, टॉवर उभा राहिला, म्हणजे काम झाले.”

सर्वांत खोलवर रुजलेला आणि सर्वांत महाग पडलेला समज हा. ऑक्टोबर 2011 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना मंजूर केली. पुढे तिलाच भारतनेट हे नाव मिळाले. काम दोन वर्षांत व्हायचे होते. पहिल्या लाखभर पंचायतींचा टप्पा गाठायला 2017 चा डिसेंबर उजाडला.

उशिराची कारणे तंत्रज्ञानापेक्षा जमिनीत जास्त होती. चर खणायचा तर रस्ता एकाचा, जंगल दुसऱ्याचे, रेल्वेमार्ग तिसऱ्याचा, आणि प्रत्येकाची परवानगी वेगळी. शिवाय पहिल्या आराखड्यात फायबर तालुक्याच्या ठिकाणाहून झाडाच्या फांदीसारखे एका गावातून पुढच्या गावात जात होते. रस्ता रुंद करणाऱ्या जेसीबीने मध्ये कुठे ते तोडले की पुढची सगळी गावे एकदम बंद. केबल धड राहिली तरी पंचायतीच्या खोलीतल्या यंत्राला वीज हवी, बॅटरी हवी आणि खोलीचे कुलूप उघडणारा माणूस हवा. सरकारी तक्त्यात अशा पंचायतीपुढे ‘सर्व्हिस रेडी’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ सेवा देता येईल इतकी तयारी झाली, एवढाच. गावात किती घरांत जोडणी चालू आहे, हे त्या शब्दातून कळत नाही. ग्रामसभेत विचारायचा प्रश्न असा: गेल्या महिन्यात ही लाइन किती दिवस चालू होती, आणि शाळा, आरोग्य उपकेंद्र व किती घरे तिला जोडलेली आहेत?

ऑगस्ट 2023 मध्ये मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात (तरतूद 1,39,579 कोटी रुपये) हा दोष ओळखलेला दिसतो. फायबर आता वर्तुळाकार जोडायचे आहे, म्हणजे एका बाजूने तुटले तरी दुसऱ्या बाजूने सेवा चालू राहील. देखभालीची जबाबदारी दहा वर्षांसाठी ठेकेदाराच्या गळ्यात आहे आणि दीड कोटी ग्रामीण घरांना जोडणी देण्याचे उद्दिष्ट आहे. मोजमाप पंचायतीच्या दारापासून घराच्या उंबऱ्यापर्यंत आले, ही मला या योजनेतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

उंबऱ्याच्या आत आणखी एक दरी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) इंटरनेट कधीतरी वापरल्याचे 57.1 टक्के पुरुषांनी सांगितले, स्त्रियांपैकी फक्त 33.3 टक्के जणींनी. टॉवर तोच, घर तेच, पण फोन कोणाच्या हातात असतो? जगभरातही आज मोबाइल इंटरनेटच्या कक्षेबाहेरचे लोक थोडे आणि कक्षेत राहूनही ते न वापरणारे कित्येक पटींनी जास्त आहेत. फोनची किंमत, वाचता येणे, भाषा, भीती, घरातली मनाई या अडचणींना टॉवर उभारून उत्तर मिळत नाही.

“आपल्याकडे डेटा इतका स्वस्त आहे की परवडण्याचा प्रश्नच उरला नाही.”

एका जीबीचा दर 2014 मध्ये सुमारे 269 रुपये होता. तो दहा रुपयांच्या आसपास उतरला, ही मोठीच गोष्ट झाली. पण गरीब माणूस जीबी विकत घेत नाही, रिचार्ज विकत घेतो. रोजचा डेटा देणारा 28 दिवसांचा साधा रिचार्ज तीनशे रुपयांच्या आसपास जातो, आणि 28 दिवसांच्या हिशेबाने वर्षाचे महिने बारा नव्हे, तेरा होतात. 2024-25 मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 297 रुपये होती. घरात चार फोन असतील तर रिचार्जसाठी जवळजवळ चार दिवस राबायचे. हा दरमहाचा खर्च झाला, हँडसेटचा त्यात धरलेलाच नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या ब्रॉडबँड आयोगाने प्राथमिक ब्रॉडबँडचा खर्च दरडोई मासिक उत्पन्नाच्या दोन टक्क्यांखाली असावा, असे उद्दिष्ट ठेवले होते. भारत सरासरीने त्यात बसतो. सरासरीत मलबार हिलही येते आणि मेळघाटही, म्हणून सरासरीवर थांबून चालत नाही.

“खेड्यांसाठी पैसा कुठून आणायचा?”

पैसा आधीच गोळा होतो. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलाचे पाच टक्के 2002 पासून सार्वत्रिक सेवेच्या निधीसाठी घेतले जातात. 2023 च्या दूरसंचार कायद्याने त्याला डिजिटल भारत निधी असे नाव दिले. कंपन्यांचा महसूल आपल्याच रिचार्जमधून येतो, म्हणजे हा वाटा शहरातल्या आणि खेड्यातल्या प्रत्येक ग्राहकाने भरलेला आहे. रक्कम आधी भारताच्या संचित निधीत जाते आणि संसदेने मंजूर केल्यावरच योजनांना मिळते. अनेक वर्षे जमा जास्त आणि खर्च कमी असे चालले. अडचण खर्च करण्याच्या वेगाची आणि इच्छाशक्तीची होती. आणि शहराच्या पैशाने खेड्याची सेवा चालवणे आपल्याला नवे कुठे आहे? तोट्यातल्या मुक्कामी एसटीने आणि पोस्टमनने तेच केले.

“मग फुकटच देऊन टाका.”

2015 मध्ये फेसबुकने निवडक संकेतस्थळे फुकट देणारी ‘फ्री बेसिक्स’ योजना गरिबांच्या नावाने मांडली. कोणत्या खिडक्या उघड्या ठेवायच्या हे एका कंपनीने ठरवायचे, असा तो प्रस्ताव होता. देशभरातून लाखो लोकांनी ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेला पत्रे लिहिली आणि 8 फेब्रुवारी 2016 रोजी ट्रायने मजकुरानुसार वेगळे दर लावायला बंदी केली. त्या वेळी गरिबांचे नुकसान झाले असे म्हणणारे आजही भेटतात. मला तो निर्णय गरिबांच्या बाजूचा वाटतो, कारण अर्धे इंटरनेट मिळालेल्या मुलाला उरलेले अर्धे आहे हेसुद्धा कळले नसते.

पिवळ्या एसटीडी-पीसीओची आठवण देणारी एक वाट डिसेंबर 2020 मध्ये मंजूर झाली. पीएम-वाणी योजनेत किराणा दुकानदार किंवा चहावाला परवाना न काढता, शुल्क न भरता वाय-फाय विकू शकतो, अगदी पाच-दहा रुपयांच्या पुड्यांत. ती म्हणावी तशी पसरली नाही. एक कारण असे की या छोट्या दुकानदारांकडून लाइनसाठी मोठ्या आस्थापनांचे दर मागितले जात. जून 2025 मध्ये ट्रायने त्यावर मर्यादा घातली: घरगुती फायबरच्या दराच्या दुपटीहून जास्त नाही. पाच वर्षांपूर्वीच हे झाले असते तर किती बरे झाले असते!

“आता उपग्रहच सगळे करतील.”

दुर्गम पाड्यांसाठी उपग्रह उपयोगी आहेतच. पण खंडांमधला बहुतेक सारा डेटा समुद्रतळाच्या केबलमधून जातो आणि त्यातल्या कित्येक केबल आपल्या वर्सोव्याला किनाऱ्यावर येतात. गर्दीच्या गावांना स्वस्त सेवा अजून फायबरच देते.

“न्यायालयाने इंटरनेट मूलभूत हक्क ठरवला, आता काळजी नाही.”

जानेवारी 2020 च्या अनुराधा भसीन निकालात सर्वोच्च न्यायालयाने इंटरनेटद्वारे अभिव्यक्ती आणि व्यवसाय करण्याला घटनेचे संरक्षण दिले. प्रत्येकाला जोडणी मिळण्याचा हक्क त्यात जाहीर झाला नव्हता. त्याच्या अधिक जवळ जाणारा निकाल 30 एप्रिल 2025 चा आहे. डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे त्यात म्हटले आहे. याचिका करणाऱ्यांत ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रिया होत्या आणि एक अंध व्यक्ती होती. ई-केवायसी करताना जिवंतपणाचा पुरावा म्हणून फोन त्यांना पापणी मिटून उघडायला सांगत होता, आणि तेवढेच त्यांना शक्य नव्हते. न्यायालयाने वीस निर्देश दिले. पापणीखेरीज दुसरा पर्याय ठेवा, हा त्यांपैकी एक.