ढाक्याचे पोलीस: पडद्यावरचे आणि रस्त्यावरचे

पोलिसांवरचे चित्रपट आपल्या घरांतून जितक्या आवडीने पाहिले जातात, तितक्या आवडीने पोलीस चौकीची पायरी काही कोणी चढत नाही. हे केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. शेजारच्या बांगलादेशात ६ ऑक्टोबर २०१७ रोजी ‘ढाका अटॅक’ हा बंगाली चित्रपट झळकला आणि तिकडच्या तरुण पोरांनी तो डोक्यावर घेतला. दिग्दर्शक दीपंकर दीपन. त्या वर्षीचा बांगलादेशचा राष्ट्रीय पुरस्कार सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून यालाच मिळाला आणि नायक आरिफिन शुभो याला अभिनयाचा पुरस्कार शाकिब खानबरोबर विभागून मिळाला. हा चित्रपट आम्ही मुद्दाम पाहिला. त्याविषयी चार गोष्टी वाचकांपुढे ठेवीत आहोत.

कथा थोडक्यात अशी. ढाका शहरात एकामागून एक स्फोट होऊ लागतात. स्फोटकांसाठी लागणारी रसायने चोरीस गेलेली असतात. शुभो हा बॉम्बशोधक व नाशक पथकाचा प्रमुख आबिद झाला आहे, तर ए. बी. एम. सुमन हा सशस्त्र कमांडो तुकडीचा अधिकारी आशफाक. बातमीमागे धावणारी पत्रकार म्हणून माहिया माही आहे. खलनायक जिशान हा तस्कीन रहमानने रंगविला आहे आणि खरे सांगायचे तर चित्रपट संपल्यावर तोच डोक्यात राहतो. त्याचे ते थंड डोळे पाहून आमच्या शेजारच्या बाईंनी पदर तोंडाला लावला.

या चित्रपटाची गोष्ट कोणा पेशेवर पटकथाकाराच्या डोक्यातून निघालेली नाही. ती लिहिली सनी सानवार यांनी. ते स्वतः पोलीस अधिकारी, बॉम्ब निकामी करणाऱ्यांत काम केलेले. निर्मितीतही ढाक्याच्या पोलीस कुटुंबांच्या कल्याण संस्थेचा वाटा होता. त्यामुळे पोशाख, शस्त्रे, गाड्या, हुकूम देण्याची पद्धत यांत खोटेपणा जाणवत नाही. आपल्याकडच्या हिंदी चित्रपटांत इन्स्पेक्टर एका गुद्द्यात दहा जण लोळवतो. इथे माणूस जड पोशाख अंगावर चढवून बॉम्बपाशी एकटा जातो, आणि सहकारी लांब उभे राहून श्वास रोखतात. यातला थरार हाणामारीपेक्षा कितीतरी खरा आहे.

कुटुंबाच्या पानावर सांगण्यासारखी बाजू म्हणजे आशफाकची गरोदर पत्नी. नवरा कामगिरीवर आणि ती घरी वाट पाहत. ज्यांचा मुलगा वा भाऊ पोलिसात शिपाई आहे, त्या माउलींना हा प्रसंग वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. सणाच्या दिवशी बंदोबस्त आणि मयताच्या दिवशीही बंदोबस्त, हे त्यांच्या घरचे रोजचे आहे.

चित्रपटातली एक मोहीम बंदरबनच्या डोंगरांत घडते. बंदरबन म्हणजे चितगावचा पहाडी मुलूख. तिथले मारमा लोक बौद्ध आहेत. वर्षानुवर्षांच्या सशस्त्र संघर्षानंतर २ डिसेंबर १९९७ रोजी त्या पहाडासाठी शांतता करार झाला. चित्रपटाला मात्र तो पहाड गोळीबाराला चांगली जागा म्हणूनच हवा आहे. आम्हांला ते खटकले.

ढाक्यातल्या प्रेक्षकाला हा चित्रपट का भिडला, ते समजण्यासाठी १ जुलै २०१६ ची रात्र आठवावी लागते. गुलशन भागातल्या होली आर्टिझन या उपाहारगृहात अतिरेकी शिरले आणि त्यांनी २० ओलिसांना ठार केले. त्यांत ९ इटालियन, ७ जपानी आणि एक भारतीय विद्यार्थिनी होती. पहिल्याच तासांत आत धाव घेणारे २ पोलीस अधिकारीही मेले. सव्वा वर्षाने पडद्यावर पोलीस जिंकताना दिसले, तेव्हा लोकांना धीर आला असेल तर नवल नाही. पण त्याच हल्ल्यावरून सुचलेला मुस्तफा सरवार फारुकी यांचा ‘शनिबार बिकेल’ हा चित्रपट मात्र २०१९ पासून सेन्सॉरच्या दारात वर्षानुवर्षे अडकून पडला.

याहून बोलकी गोष्ट डिसेंबर २०२० ची. ‘नबाब एलएलबी’ या चित्रपटात एक प्रसंग होता. बलात्कार झालेली स्त्री तक्रार द्यायला ठाण्यात येते आणि फौजदार तिला नको नको ते प्रश्न विचारतो. एवढ्यावरून दिग्दर्शक अनन्य मामून आणि फौजदाराचे काम करणारा नट या दोघांना पोलिसांनी अटक केली, तीही अश्लीलताविरोधी कायद्याखाली! ठाण्यात एखाद्या बाईला काय ऐकावे लागते, हे आपल्या भगिनींना ठाऊक आहे. तिकडे ते पडद्यावर दाखविणाराच गजाआड गेला. शूर पोलीस दाखविला तर गाड्या-बंदुका मिळतात, उद्धट पोलीस दाखविला तर बेड्या मिळतात. मग पडद्यावर कोणता पोलीस जास्त दिसणार?

पुढे २०२४ चा जुलै उजाडला. नोकऱ्यांतील आरक्षणाच्या पद्धतीवरून विद्यार्थी रस्त्यावर उतरले. १६ जुलैला रंगपूरमध्ये अबू सईद हा विद्यार्थी दोन्ही हात पसरून उभा असताना पोलिसांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. ते चित्रण जगभर गेले. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार त्या उठावात सुमारे १,४०० माणसे मारली गेली असावीत, बहुतेक सुरक्षा दलांच्या गोळ्यांनी, आणि त्यांत मुलेही होती. ४४ पोलीसही मारले गेले. ५ ऑगस्टला शेख हसीना देश सोडून गेल्या. ठाणी जळाली, पोलीस दिसेनासे झाले आणि काही दिवस ढाक्याच्या चौकांत विद्यार्थीच वाहतूक सांभाळीत होते. आता ‘ढाका अटॅक’ पाहताना हे सारे डोळ्यांपुढून हटत नाही.

आपल्याकडे १९८३ साली गोविंद निहलानींनी ‘अर्धसत्य’ काढला. मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची, पटकथा विजय तेंडुलकरांची. त्यातला फौजदार वेलणकर शूर आहे, पण कोठडीत आरोपीला जिवे मारतोही. त्यात पोलिसाची वर्दीही दिसते आणि आतला माणूसही. ‘ढाका अटॅक’ला तेवढे धाडस झालेले नाही. झाले असते, तर त्याला पोलिसांची मदत मिळाली असती का, हा प्रश्न आहेच. जी मुले पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानात धावतात, त्यांनी हे दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहावेत आणि घरात त्यावर बोलावे.

जाता जाता, आरिफिन शुभो आपल्याला अगदीच परका नाही. श्याम बेनेगल यांच्या ‘मुजीब’ (२०२३) मध्ये शेख मुजीब झालेला तो हाच, आणि त्याचे बरेचसे चित्रण आपल्या गोरेगावच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीत झाले होते. भाषेची भीती बाळगू नये. ढाक्याच्या बंगालीत पाण्याला ‘पानी’च म्हणतात, बाकीचे अर्ध्या तासात कानावर बसते. स्फोटांचे आणि मृतदेहांचे प्रसंग बरेच आहेत, तेव्हा लहान पोरांना आधी जेवू घालून झोपवावे आणि मगच चित्रपट लावावा.