दोन निवृत्त्या

2001 सालच्या डिसेंबरात मँचेस्टर युनायटेड इंग्लिश लीगच्या तक्त्यात नवव्या क्रमांकावर होतं. आधीच्या तीन हंगामांत ओळीने तीन विजेतेपदं मिळवलेला हा संघ. न्यूकॅसल, बोल्टन, लिव्हरपूल, आर्सेनल, चेल्सी असा मार खात खात 8 डिसेंबरला तो आपल्याच ओल्ड ट्रॅफर्डवर वेस्ट हॅमकडूनही हरला. हंगामातला हा सहावा पराभव. खेळाडू बहुतेक तेच होते. उलट व्हॅन निस्टलरॉय आणि व्हेरॉन यांच्यावर त्या उन्हाळ्यात पाण्यासारखा पैसा ओतला होता. फरक एवढाच पडला होता की मॅनेजर जाणार, हे आता सगळ्यांना ठाऊक होतं.

ॲलेक्स फर्ग्युसन यांनी ते मे 2001 पासूनच सांगून ठेवलं होतं. येणारा हंगाम शेवटचा. 31 डिसेंबरला साठी पूर्ण होत होती, युनायटेडमध्ये येऊन पंधरा वर्षं झाली होती, आणि 1999 मध्ये एकाच हंगामात लीग, एफए कप आणि चॅम्पियन्स लीग जिंकल्यावर सिद्ध करण्यासारखं काही उरलंही नव्हतं. निवृत्तीनंतर क्लबमध्ये एखादं पद असावं यासाठी बोलणी चालली होती, ती फिसकटली. तेव्हा मग युनायटेडशी कसलाच संबंध राहणार नाही, असंही ते बोलून गेले. बोलताना सबुरी धरणं हा त्यांचा स्वभाव कधीच नव्हता.

वर्षभराने निवृत्त होणाऱ्या साहेबाचं आपल्याकडच्या कचेरीत काय होतं ते वेगळं सांगायला नको. चहा वेळेवर येतो, फाइल येत नाही. ओल्ड ट्रॅफर्डवर काहीसं तसंच झालं. खेळाडू उद्धट झाले नव्हते, कुणी तोंड वर करून बोलतही नव्हतं. पण ज्याच्या एका नजरेने पाय लटपटायचे, तो माणूस जूननंतर दिसणार नाही, हे डोक्यात बसलं की शेवटच्या दहा मिनिटांची ती जिवाच्या आकांताची धाव कमी होते. पुढे फर्ग्युसन यांनी स्वतःच कबूल केलं की जाण्याची घोषणा वर्षभर आधी करणं ही घोडचूक होती, खेळाडू सैल पडले.

सैल ते स्वतःही पडले होते, असं मला वाटतं. सहायक स्टीव्ह मॅक्लारेन मिडल्सब्रोला मॅनेजर म्हणून निघून गेले, आणि त्यांच्या जागी बाहेरून कुणी तोलामोलाचा माणूस आलाच नाही. येणार तरी कसा? पुढच्या साहेबाला तो चालेल याची हमी कोण देणार? ऑगस्टमध्ये याप स्टाम या खंद्या बचावपटूला त्यांनी तडकाफडकी लाझिओला विकलं आणि त्याच्या जागी पस्तिशीला टेकलेला लॉराँ ब्लाँ आणला. ही विक्री चुकली हेही त्यांनी नंतर मान्य केलं. चार वर्षं पुढचं पाहून संघ बांधणारा माणूस एका वर्षापुरता विचार करायला लागला की असे निर्णय होतात.

मग नाताळ आला. फर्ग्युसन घरी सोफ्यावर डुलकी काढत होते. पत्नी कॅथी आणि तिन्ही मुलगे खोलीत आले, बाईंनी पायानेच ढोसून त्यांना जागं केलं आणि निकाल सांगितला: तुम्ही निवृत्त होत नाही आहात. कारणं तीन. तब्येत ठणठणीत आहे, दिवसभर तुम्ही घरात असणं मला चालणार नाही, आणि हे काही निवृत्तीचं वय नव्हे. हा किस्सा फर्ग्युसन यांनी पुढे इतक्या वेळा सांगितला आहे की त्याला थोडी कल्हई लागली असणार. पण गाभा खरा असावा, कारण 5 फेब्रुवारी 2002 ला युनायटेडने जाहीर केलं की मॅनेजर राहताहेत. दरम्यान इंग्लंडचे प्रशिक्षक स्वेन-गोरान एरिक्सन यांच्याशी क्लबचं जवळजवळ पक्कं झालं होतं, असं फर्ग्युसन यांनी नंतर लिहिलं.

इतकं होऊनही तो हंगाम कोरडाच गेला. त्या वर्षीची चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्कवर होती. फर्ग्युसन ग्लासगोच्या गोवनचे, गोदी कामगाराचे चिरंजीव. क्वीन्स पार्क या हौशी संघातून ते खेळायला लागले ते याच हॅम्पडेनवर. निवृत्तीचा मुहूर्त त्यांनी उगाच धरला नव्हता: जिथून सुरुवात केली त्याच मैदानावर युरोपचा चषक उचलायचा आणि निघायचं. उपांत्य फेरीत गाठ लेव्हरकुझेनशी पडली. घरच्या मैदानावर 2-2. परतीचा सामना 30 एप्रिलला, आपल्याकडे मध्यरात्र उलटल्यावर. घरातले झोपलेले, टीव्हीचा आवाज अगदी बारीक केलेला, अशा थाटात मी तो पाहिला. रॉय कीनने गोल केला, मध्यंतराच्या तोंडाशी नॉयव्हिलने तो फेडला, आणि 1-1 वर युनायटेड प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावरच्या गोलांच्या हिशेबात बाद झालं. हॅम्पडेनवर झिदानचा तो अफलातून व्हॉली झाला, तेव्हा फर्ग्युसन यांचा संघ तिथे नव्हता. त्याच्या आठवडाभर आधी आर्सेनलने ओल्ड ट्रॅफर्डवर येऊन लीगचं विजेतेपद नेलं होतं. युनायटेड तिसरं.

निवृत्तीतून घेतलेल्या या माघारीचं कौतुक अनेकदा "निष्ठा" या शब्दाने होतं. मला तो शब्द इथे बसत नाही. हरता संघ अर्ध्यावर टाकवत नव्हता, हे आहेच. पण त्याहून मोठी होती ती भूक. आपल्या जागी दुसरा कुणी त्या बाकावर बसलेला आहे, ही कल्पनाच त्यांना सहन होईना.

निष्ठेचा प्रश्न त्यांच्यापुढे खरा पडला होता तो फार आधी, 1974 मध्ये. ईस्ट स्टर्लिंगशर या चिमुकल्या संघाचं मॅनेजरपद हाती घेऊन चारेक महिनेच झाले होते आणि सेंट मिरनचं बोलावणं आलं. या पोरांना सोडून कसं जायचं म्हणून त्यांनी सेल्टिकच्या जॉक स्टीन यांना विचारलं. स्टीन यांनी सल्ला दिला तो असा: सेंट मिरनच्या स्टँडमध्ये सगळ्यात वर जाऊन बस, मैदानाकडे बघ, मग तुझ्या मैदानात येऊन तसंच बस. फर्ग्युसन गेले. चार वर्षांनी त्याच सेंट मिरनने त्यांना नोकरीवरून काढलं, आणि त्याविरुद्ध मागितलेली दादही फेटाळली गेली. क्लब निष्ठा वगैरे किती पाळतो हे तेव्हाच कळलं असणार. ॲबरडीनमध्ये त्यांनी रेंजर्ससकट मोठमोठे देकार परतवले, 1983 मध्ये रेआल माद्रिदला हरवून कप विनर्स कप आणला, आणि 1986 च्या नोव्हेंबरात, ऐन हंगामात, ॲबरडीन सोडून मँचेस्टरला आले. तेव्हा त्यांना भाबडं समजू नये.

शिवाय निवृत्त झालेल्यांचे हाल त्यांनी जवळून पाहिले होते. लिव्हरपूलचे बिल शँकली 1974 मध्ये एफए कप जिंकून साठाव्या वर्षी पायउतार झाले आणि दुसऱ्याच महिन्यात सवयीने सरावाच्या मैदानावर यायला लागले. खेळाडू त्यांनाच "बॉस" म्हणत आणि नवे बॉस बॉब पेझ्ली शेजारी उभे. ही कोंडी कुणालाच सोसवेना. शेवटी शँकलींना कळलं की आपलं येणं नकोसं झालंय, आणि तो सल त्यांना अखेरपर्यंत राहिला. युनायटेडचे मॅट बझ्बी 1969 मध्ये वरच्या मजल्यावर गेले, खालचा वारसदार टिकला नाही, दीड वर्षात त्यांनाच परत खाली यावं लागलं. आणि स्टीन! त्यांना सेल्टिकने मॅनेजरपदावरून उठवून लॉटरीची तिकिटं खपवण्याचं खातं देऊ केलं होतं. 1985 मध्ये कार्डिफला स्कॉटलंडचा सामना संपत असताना ते कोसळले आणि गेले, तेव्हा बाकावर त्यांचे सहायक म्हणून फर्ग्युसनच होते.

लोक "का?" असं विचारत असतानाच थांबावं, हे विजय मर्चंट यांच्या नावावरचं वाक्य आपल्याकडे प्रत्येक निवृत्तीच्या लेखात येतं. मर्चंट दिल्लीच्या कसोटीत 154 धावा काढून थांबले, ते त्यांना साधलंही. पण फलंदाजाने बॅट ठेवली तर एक जागा रिकामी होते. फुटबॉलच्या मॅनेजरने टोपी ठेवली की पंचवीस खेळाडू, सहायक, मसाज करणारा, पोरांची अकादमी, सगळ्यांची घडी विस्कटते. त्याला "केव्हा" बरोबर "कुणाला सांगून" आणि "कुणाच्या हाती देऊन" हेही ठरवावं लागतं.

मधली वर्षं भराभर सांगतो. 2004 मध्ये हृदयाला पेसमेकर बसला. 2005 मध्ये ग्लेझर कुटुंबाने कर्ज काढून क्लब विकत घेतला, आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर ठेवलं. संतापलेल्या प्रेक्षकांतल्या काहींनी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर नावाचा वेगळा क्लबच काढला. फर्ग्युसन मालकांविरुद्ध कधी बोलले नाहीत. ज्यांना ते आपले वाटत होते अशा कितीतरी कामगारवस्तीतल्या चाहत्यांना हे झोंबलं, आणि झोंबणं वाजवी होतं. तरुणपणी कारखान्यातल्या उमेदवारांच्या संपात पुढे असलेला हा माणूस. 2005 च्याच अखेरीस युनायटेड युरोपात गटातच गारद झालं तेव्हा "आता पुरे" असे लेख भराभर छापून आले. त्यांना उत्तर मिळालं ते 2007, 2008, 2009 अशा तीन विजेतेपदांचं आणि 2008 च्या मॉस्कोतल्या चॅम्पियन्स लीग अंतिम लढतीच्या पेनल्टींचं. युनायटेडमधल्या तेरा लीग विजेतेपदांपैकी सहा त्यांनी मागे घेतलेल्या निवृत्तीनंतरची आहेत. कॅथींनी त्या नाताळात झोपू दिलं असतं, तर रोनाल्डो आणि रूनी कुणाच्या हाताखाली वाढले असते कोण जाणे.

13 मे 2012 ला सिटीच्या अग्वेरोने जादा वेळेत गोल केला आणि गोलफरकावर विजेतेपद शेजाऱ्यांकडे गेलं. फर्ग्युसन सत्तरीत होते. अशा हारीवर थांबणं त्यांना जमणारच नव्हतं. त्यांनी आर्सेनलकडून व्हॅन पर्सी आणला, तोही एकोणतीस वर्षांचा. त्याच वर्षी ऑक्टोबरात कॅथींची जुळी बहीण वारली. बाई खचल्या, एकाकी झाल्या. जिने अकरा वर्षांपूर्वी नवऱ्याला घराबाहेर पिटाळलं होतं, तिला आता त्याने घरी असावं असं वाटत होतं. निर्णय त्या हिवाळ्यात झाला. या वेळी मात्र चकार शब्द नाही. 22 एप्रिल 2013 ला व्हॅन पर्सीने ॲस्टन व्हिलावर तीन गोल चढवले आणि विसावं विजेतेपद पक्कं झालं, तेव्हाही संघाला पत्ता नव्हता. 7 मेच्या संध्याकाळी बातमी फुटली, 8 मेच्या सकाळी त्यांनी खेळाडूंना सांगितलं. चार दिवसांनी स्वॉन्झीविरुद्ध ओल्ड ट्रॅफर्डवरचा शेवटचा सामना, वरून पाऊस, हातात मायक्रोफोन. आपल्या वाईट दिवसांत क्लब पाठीशी राहिला, तसेच आता नव्या मॅनेजरच्या पाठीशी राहा, असं त्यांनी प्रेक्षकांना विनवलं. त्याच्या पुढच्या रविवारी वेस्ट ब्रॉमशी 5-5. युनायटेडचे मॅनेजर म्हणून 1500 वा आणि अखेरचा सामना. 5-2 ने पुढे असताना तीन गोल खाल्ले.

2001 ची चूक त्यांनी पुन्हा केली नाही, पण दुसरी केली. त्या अकरा गुणांच्या विजेतेपदामागे एकोणचाळीस वर्षांचा गिग्ज होता, चौतीस वर्षांचा फर्डिनंड होता, आणि स्कोल्स तर एकदा निवृत्त होऊन साहेबांच्या शब्दाखातर परत आलेला. हा संघ फर्ग्युसन यांच्या आवाजावर चालत होता, आणि तो आवाज दुसऱ्याला देता येण्यासारखा नव्हता. त्यातच कारभार पाहणारे डेव्हिड गिलही त्याच उन्हाळ्यात निघाले. एव्हर्टनच्या डेव्हिड मॉयेस यांना वारस नेमावं ही शिफारस फर्ग्युसन यांचीच. सहा वर्षांचा करार झाला. 22 एप्रिल 2014 ला, म्हणजे विसाव्या विजेतेपदाला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी, मॉयेस यांना काढलं. संघ सातवा आला.

तेव्हा हिशेब मांडायचाच तर मी असा मांडेन. पहिल्या खेपेला ते संघासाठी राहिले असं आपण म्हणतो, पण राहिले ते स्वतःसाठी, आणि त्यात संघाचं भलं झालं. दुसऱ्या खेपेला ते बायकोसाठी गेले, ते योग्यच झालं, फक्त संघाचं मागे काय होणार याची तजवीज त्यांच्याकडून नीट झाली नाही. दोन्हीकडचं देणं एकाच वेळी फेडता आलं, असं या सत्तावीस हंगामांत एकदाही झालेलं दिसत नाही.

कॅथी फर्ग्युसन 2023 च्या ऑक्टोबरात गेल्या. लग्नाला सत्तावन्न वर्षं झाली होती. त्यांपैकी शेवटची दहा वर्षं नवरा मॅनेजर नव्हता.